लेकरू पावणेदोन वर्षांचं झालं, सगळं समजतं पण बोलत नाही. थांबावं का?

धारूरकर_मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे. वय पावणेदोन वर्षं. बहीण आणि दाजी ऊसतोडीला कोल्हापूरच्या बाजूला गेलेत, लेकरू गावात आजीपाशी, म्हणजे दाजींच्या आईपाशी आहे. मागच्या हंगामात ती आईसोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत होती, तेव्हा नुकती रांगायला लागली होती. यंदा थंडीत हाल नकोत म्हणून ठेवून गेले.

पोरगी हुशार आहे. चप्पल आण म्हटलं की आणते, देवापुढं दिवा लागला की हात जोडते. हवं ते बोटानं दाखवते, नाही दिलं तर हात धरून ओढत नेते. पण बोलणं म्हणाल तर आजीला 'जी', जेवायला 'मंमं', कुत्र्याला 'भू' आणि 'नै', एवढंच. शेजारची तिच्याच वयाची पोरगी 'बाबा गेला', 'दूद दे' असं बोलायलीय.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. आजी म्हणतात, हिचा बापही तीन वर्षांनी बोलला, थांबा. चुलती म्हणते, वेखंड मधात उगाळून जिभेला लावा. एकानं जिभेखालची तार कापायला सांगितली. वस्तीला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, दिवसभर ती तिथल्या लेकरांत खेळते, तर कुणी म्हणतं दोन भाषांनी गोंधळली. बहिणीचा रोज रात्री फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच असतो. तिला काय सांगू?

बालाघाटी

मास्तर, घोर लावून घेऊ नका. आमच्या घरात सगळे उशिरा बोललेले. मी स्वतः अडीच वर्षांचा होईपर्यंत मुकाच होतो म्हणे. आज गावच्या सभेत मला थांबवावं लागतं. लेकराला समजतंय ना, मग झालं. बोलंल आपोआप.

वाचाताई_लातूर

मास्तर, मी वाचा आणि श्रवण याच क्षेत्रात काम करते. तुम्ही नीट निरीक्षण करून लिहिलंय, त्यामुळं बरंच कळलं. तरी उत्तर देण्याआधी काही गोष्टी विचारते.

ती पाठमोरी असताना, दुसऱ्या खोलीतून, नेहमीच्या आवाजात नाव घेतलं तर वळते का? हातवारे न करता, तोंड दिसू न देता 'चप्पल आण' म्हटलं तर आणते का? सहा-सात महिन्यांची असताना 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करत होती का? कान कधी फुटला, वाहिला होता का? जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ जास्त झाली होती का? आधी एखादा शब्द येत होता आणि आता गेला, असं काही आहे का? आणि राग मानू नका, आईबापाचं लग्न नात्यातलं आहे का?

धारूरकर_मास्तर

ताई, राग कसला. कालपासून मुद्दाम बघितलं, मग लिहितोय.

पाठीमागून हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. आम्ही समजायचो खेळात दंग आहे. तोंडापुढं कागद धरून 'चप्पल आण' म्हटलं तर नुसती माझ्याकडं बघत राहिली. कागद काढून दाराकडं बघत म्हटलं तर लगेच गेली. ताट वाजवलं की मात्र दचकते. बडबड करत होती, बहिणीला चांगली आठवते. गेलेला शब्द कोणताच नाही. पेटी, कावीळ काही नाही, बाळंतपण सरकारी दवाखान्यात, वजन बरं होतं. पावसाळ्यात मात्र दोन्ही कान वाहत होते. लसूण कढवलेलं तेल घातलं, थांबले. नंतर परत एकदा वाहिले.

लग्न नात्यातलंच. बहीण आत्याच्याच घरात दिलीय.

वाचाताई_लातूर

मग मास्तर, सगळ्यात आधी कान. बाकी सगळं त्यानंतर.

'ताट वाजवलं की बघते, म्हणजे ऐकू येतं', हे वाक्य मी रोज ऐकते. ताटाचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले स, श, त, क, प हे आवाज फार बारीक असतात. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं असेल तर लेकराला ताट ऐकू येतं, ट्रॅक्टर ऐकू येतो, पण 'पाणी', 'काकी', 'ताट' हे शब्द पुसट, अर्धवट पोचतात. जे नीट ऐकूच आलं नाही ते लेकरू म्हणणार कसं? हुशार लेकरं ही कमतरता डोळ्यांनी भरून काढतात. आपण कुठं बघतो, हात कुठं जातो, यावरून अंदाज बांधतात. तुमच्या कागदाच्या परीक्षेत तेच दिसलं.

कान वाहणं बंद झालं म्हणजे आतलं पाणी गेलंच, असं नाही. ते आठवडे-महिने राहू शकतं, दुखतही नाही, म्हणून कुणाला कळत नाही. आणि कानात तेल आता नको, ना साधं ना लसणाचं. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं.

नात्यातलं लग्न का विचारलं, तेही सांगते. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण जन्मजात बहिरेपणाची काही कारणं अशी असतात की दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच लेकरात उतरतो, आणि नात्यात ती शक्यता वाढते. भाचीची बडबड वेळेवर होती, बोटानं दाखवते, म्हणून मला जास्त संशय पाण्याचाच आहे. पण तपासल्याशिवाय कुणीच ठरवू नये.

तपासणीत काय करतात ते आजींना सांगा, म्हणजे भीती जाईल. एकात कानात छोटी गुंडी ठेवतात आणि कानाच्या आतून येणारा प्रतिसाद यंत्र मोजतं, काही मिनिटांचं काम. दुसरीत कानात हलका दाब देऊन पडदा हलतो का बघतात, पाणी त्यातच कळतं. तिसरी बेरा. लेकरू झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का बघतात. कशातच सुई नाही.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या लेकरांना पुढं मोफत पाठवतं. पथकाची वाट बघायचीही गरज नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात थेट जा.

वेखंड-मधाबद्दल: बोलणं जिभेवर चोळून येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मध तर अजिबात देऊ नये, त्यातल्या जंतूंमुळं जीवघेणा आजार होऊ शकतो. जिभेखालची तार आखूड असली तर एखादा उच्चार अडेल, अगदी तान्ह्याला दूध ओढायला त्रास होईल, पण त्यामुळं शब्दच येत नाहीत असं होत नाही.

मुलाची_आई_परभणी

मास्तर, मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

माझा मुलगा जन्मतः पूर्ण बहिरा. आम्हाला कळलं नाही, कारण तोही तान्हा असताना 'आऽऽ', 'ऊऽऽ' करायचा, हसायचा. पुढं समजलं की बहिरी लेकरंही पहिले काही महिने असा आवाज काढतात. 'बाबाबा' ही बडबड मात्र त्याची आलीच नाही. मी एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत काही करू नका. त्या एका वाक्यात आमचं एक वर्ष गेलं.

बेरा केली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे ऐकण्याचं यंत्र कानात बसवायचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, त्याला वयाची अट असते, लहानपणीच करावं लागतं. ऑपरेशन झालं की लेकरू बोलायला लागतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. यंत्र चालू झालं त्या दिवशी तो नुसता रडला. त्यानंतर कुकरची शिट्टी म्हणजे काय, पाऊस म्हणजे काय, 'आई' म्हणजे मी, हे एकेक करून शिकवलं. आता तो शाळेत जातो, बोलतो, काही शब्द अजून तुटक येतात. तरी लवकर कळलं असतं तर त्याचे कष्ट किती कमी झाले असते, हा विचार जात नाही.

तुमच्या बहिणीला सांगा, तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच. पण तपासणी ह्याच महिन्यात करा.

बालाघाटी

परभणीच्या ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण वाचाताई, एक सांगा. माझ्यासारखे उशिरा बोलणारे असतात हे तर खरं आहे ना? मग प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या लेकराला दवाखान्यात न्यायचं का? लोक घाबरून जातील.

वाचाताई_लातूर

दादा, रास्त प्रश्न आहे. हो, असतात, आणि घराण्यात ते चालत आलेलंही दिसतं. दोन वर्षांना कमी बोलणाऱ्या लेकरांतली निम्म्याहून जास्त पुढं बरोबरीला येतात. अडचण अशी की येणारी कोणती आणि न येणारी कोणती, हे त्या वयात तोंडाकडं बघून सांगता येत नाही. म्हणून वाट बघायची तरी कान तपासून, आणि घरात बोलणं वाढवून बघायची.

ढोबळ अंदाज सांगते. दोन-तीन महिन्यांना हुंकार, तुम्ही बोललात की उत्तर दिल्यासारखा. सहा ते दहा महिन्यांत 'बाबाबा', 'मामामा'. वर्षाच्या आसपास बोटानं दाखवणं, टाटा करणं आणि पहिला शब्द. दीड वर्षाला काही मोजके शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून: 'दूद दे', 'बाबा गेला'. तीन वर्षांना परक्या माणसालाही बरंचसं कळावं. महिना-दोन महिने इकडंतिकडं चालतं.

पण वर्षाला बडबड नाही, बोटानं दाखवणं नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जुळत नाहीत, तर थांबू नका. आणि येत असलेले शब्द गेले, नावाला वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, हे कोणत्याही वयात दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. मुलगा आहे म्हणून यातलं काहीही बदलत नाही.

गोरमाटी_माजलगाव

मास्तर, तुम्ही तांड्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी तांड्यातच वाढलो, घरात फक्त गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा. आईला याडी म्हणायचो, मराठी पहिल्यांदा अंगणवाडीत कानावर पडली. बाई काय म्हणतात ते कळायचं नाही म्हणून गप्प बसायचो, तर माझ्या नावापुढं 'मुलगा मंद वाटतो' असा शेरा पडला होता. घरी मी दिवसभर बोलत होतो, ते कुणी विचारलंच नाही.

आजही हे होतं. आमच्या लेकराचं बोलणं मोजायचं असेल तर त्याच्या भाषेत मोजा. आणि तुमची भाची आमच्या लेकरांत खेळते त्यानं तिचं नुकसान होत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती गोरबोलीतले काही शब्द म्हणते का, तेही बघा. घरच्यांच्या कानाला ते शब्द वाटतच नसतील.

देगलूरकर

याला माझा दुजोरा. आमच्याकडं सासुरवाडी तेलुगू, मी मराठी, गल्लीत दखनी. मुलगी आजीकडं 'नीळ्ळू' मागायची आणि माझ्याकडं 'पाणी'. कुणाशी काय बोलायचं हे तिला अडीचाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं, शिकवलं कुणीच नव्हतं. उदगीर, उमरग्याकडं कानडीचं तेच चालतं. सीमेवरची गावंच्या गावं अशीच वाढलीत.

वाचाताई_लातूर

गोरमाटी दादांनी फार महत्त्वाचं सांगितलं. दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. मास्तर, तांड्यातल्या एखाद्या आईला विचारा, पोरगी तिथं काय काय म्हणते.

आणि उलटं दुखणं मला शहरात दिसतं. संभाजीनगर, लातूरमध्ये आईबाप घरात एकमेकांशी मराठी किंवा दखनी बोलतात आणि लेकराशी मात्र मोडकं इंग्रजी: 'कम', 'सिट', 'ईट'. ज्या भाषेत आपल्याला गोष्ट सांगता येत नाही, रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत, त्या भाषेत लेकराला आपण फक्त हुकूम देतो. 'काय करायलास रं', 'इकडं ये की माय' हे तुमचं बोलणं असेल तर तेच बोला. पुस्तकी मराठीही नको.

मांजराकाठ

निवृत्त शिक्षक आहे, भाषेची आवड. कानाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, मला ती फार मोलाची वाटते.

1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक ऐकूच येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला. तीच परीक्षा दहा-बारा महिन्यांच्या बाळांची घेतली, तर त्यातल्या बहुतेकांचा तो फरक निसटलेला होता. जे आवाज रोज कानावर पडत नाहीत त्यांची दखल घेणं मेंदू वर्षाच्या आतच कमी करतो. आपल्या लेकरांना 'ताट' या एका शब्दात दोन्ही मिळतात, म्हणून आपल्यात तो फरक टिकतो.

याचा अर्थ असा की लेकरू पहिला शब्द बोलतं तेव्हा त्याची भाषा सुरू होत नाही, ती वर्षभर आधीच कानात सुरू झालेली असते. आईच्या पोटात असतानाही शेवटच्या महिन्यांत ते तिचा आवाज ऐकत असतं. म्हणून पहिल्या वर्षातला कान एवढा महत्त्वाचा.

आता माझी शंका. घरात सून म्हणते, लेकराशी 'भू', 'मंमं', 'चिऊ' असं बोबडं बोलू नका, तशीच सवय लागते. पण डॉ. अशोक केळकरांसारख्या भाषाशास्त्रज्ञानं 1964 मध्ये मराठीतल्या याच बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला होता, म्हणजे विषय क्षुल्लक नसणार. बरोबर काय?

वाचाताई_लातूर

सर, तुमचंच बरोबर. आवाज चढा, सूर लांबवलेला, शब्द सावकाश, तोच शब्द पुन्हा पुन्हा: आजी तान्ह्याशी जशी बोलते तसंच बोलणं बाळाचं लक्ष सगळ्यात जास्त धरून ठेवतं. 'भू' म्हणाच, त्याला जोडून 'भू आला, कुत्रा आला' हेही म्हणा. फक्त लेकरू 'काका'ला 'ताता' म्हणालं तर आपण पण 'ताता' म्हणू नये आणि 'नीट बोल' असं दटावूही नये. 'हो, काका आले' एवढंच म्हणावं. र, ळ, श हे आवाज चार-पाच वर्षांपर्यंत पक्के होत राहतात.

आणि 'केलं'ऐवजी 'करलं', 'गेला'ऐवजी 'जाला' म्हणणाऱ्या लेकराला हसू नका. 'बसला', 'उठला' ऐकून त्यानं नियम स्वतः शोधून काढलाय. ते शब्द कुणी त्याच्यासमोर बोललेलं नसतं.

सेविका_गेवराई

अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावातले निम्मे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन जातात. मागं राहिलेली लेकरं आजीपाशी. आजीच्या मागं शेळ्या, पाणी, स्वयंपाक, स्वतःचे गुडघे. मग लेकरू रडू नये म्हणून हातात मोबाईल. त्या म्हातारीला मी दोष देणार नाही, तिला दुसरा हात नाही.

पण मी आज्यांना एक सांगते, आणि ते जमतं: काम सोडू नका, कामातच बोला. भाकरी थापताना 'बघ, पीठ घेतलं, आता थापते, आता तव्यावर, आली का फुगून?' असं म्हणायचं आणि थांबायचं. लेकरू 'ऊं' म्हणालं तरी ते उत्तर धरायचं आणि पुढचं बोलायचं. शेळी दाखवली बोटानं की 'शेळी. शेळी पाला खाते.' एवढंच. खेळ म्हणून दोन बदामाच्या बिया मागंपुढं लपवल्या आणि त्यावर बोललं तरी चालतं. मला दिसतं ते असं की ज्या लेकराला कुणीतरी उत्तर देतं, ते बोलायला येतं. आजूबाजूला नुसता गोंगाट असून भागत नाही.

मास्तर, तुमच्या गावची सेविका कोण ते बघा आणि पोरीचं नाव पथकाच्या यादीत घालून घ्या, कान दाखवून आणला तरी.

धारूरकर_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. तांड्यात विचारलं. पोरगी तिथं पाण्याला आणि बकरीला त्यांचे शब्द म्हणते, आम्हाला पत्ताच नव्हता. आजींना कानाचं पटलं आहे, सोमवारी अंबाजोगाईला जाणार.

एक विचारायचं राहिलं. मोबाईल नको म्हणता, पण बहीण रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. तोही बंद करायचा का? तिला तेवढाच आधार आहे.

वाचाताई_लातूर

मास्तर, तो बंद करू नका, कितीही दमली असली तरी चालू ठेवायला सांगा.

2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता. काही बाळांना चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळवत, गोष्टी सांगत होती, काहींना त्याच माणसांचं चित्रण पडद्यावर दाखवलं. समोर माणूस होता ती बाळं चिनी आवाजांतला फरक शिकली. पडद्यावरची शिकली नाहीत. म्हणून दोन वर्षांच्या आत कार्टून, गाण्यांचे व्हिडिओ अजिबात नकोत असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

पण व्हिडिओ कॉलवर आई उत्तर देते. पोरीनं भाकर दाखवली तर ती 'भाकर खातीस का?' विचारते. हा फरक आहे. दोन-अडीच वर्षांची लेकरं अशा समोरासमोरच्या कॉलवरून नवे शब्द शिकतात, हेही तपासून झालंय. बहिणीला सांगा, 'बोल ना, आई म्हण' असं म्हणायला लावू नको. पोरीच्या हातात काय आहे ते बघ आणि त्याचंच बोल. आणि तुमच्यापैकी कुणीतरी फोन धरून शेजारी बसा, आई जे म्हणेल ते इकडं हातात द्या.

धारूरकर_मास्तर

जाऊन आलो. दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी निघालं. बेरात ऐकू येणं थोडं कमी आलं, डॉक्टर म्हणाले कानाची नस चांगली आहे. औषध दिलंय, तीन महिन्यांनी परत बोलावलंय, तोवर पाणी गेलं नाही तर छोट्या ऑपरेशनचं बघू म्हणाले. बहिणीला कॉलवरच सांगितलं. ती रडली, आणि मग कानात पाणी जाऊ नये म्हणून अंघोळ कशी घालायची ते आजींना सांगत बसली.

मुलाची_आई_परभणी

फार बरं झालं मास्तर.

वाचाताई_लातूर

चांगली बातमी. आता तोवर तिच्याशी बोलताना जवळ जा, खाली बसा, तोंड दिसू द्या. टीव्ही चालू असेल तर बंद करून बोला. सर्दी झाली की लगेच दाखवा.

तीन महिन्यांनी बहीण गावी आलेली असेल, पण तेव्हा पोरगी भराभर बोलायला लागली तरी परत तपासणी चुकवू नका. पाणी एका कानातलं जातं, दुसऱ्यातलं राहतं. आणि सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेवा, एक आजींकडं आणि एक बहिणीच्या पिशवीत. पुढच्या हंगामात तिला सोबत नेलं तर तिकडच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.